गच्चीवरून बिबट्या

"आत्या, पोलिसांनी दोरी बांधलीय, विहिरीकडे सोडत नाहीत. तू गच्चीवर जा आणि मोबाईलवर तूच फोटो काढ!" भाची फोनवर ओरडली. ती वर्तमानपत्राची फोटोग्राफर. पहाटे आमच्या विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी वनखात्याने आत्ताच शिडी सोडली होती. हा फोटो चुकला, तर तिची अख्खी सकाळ फुकट.

"अगं, मी कसली काढतेय! हात थरथरतात माझे."

"थरथरू देत. नुसतं बटण दाबत राहा."

माझा दादा, म्हणजे हिचा बाप, तोही बातम्यांचे फोटो काढायचा. मोरीत अंधार करून त्याचे रोल मीच धुवायचे. लाल दिव्यात कागदावर उमटणारं चित्र सगळ्यांत आधी मी बघायचे. पण रोलमध्ये फोटो छत्तीसच, एकही वाया जायला नको, म्हणून कॅमेरा त्याने कधी माझ्या हाती दिला नाही.

मी कठड्याला कोपरं टेकवली. शिडी हलली. आधी डोकं वर आलं, मग काठावर पंजे, आणि तो असा काही अंग ताणून उसाकडे झेपावला की मी किंचाळलेच. बोट मात्र थांबलं नाही. साठ-सत्तर फोटो! सगळे तिला धाडले.

लगेच फोन आला. "आत्या, अगं चारही पाय हवेत! पहिल्या पानावर जातोय. तुझं पूर्ण नाव कसं छापायचं, सांग!"

"नंतर सांगते, फोन ठेव," मी म्हणाले. "तो बांधावर थांबून मागे बघतोय."