खांद्यावरच्या सायकली

"सायकल म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा पहिला जाहीरनामा आहे," असं गुणवंतराव मास्तरांनी आपल्या पाच डच पाहुण्यांना इंग्रजीतून बजावलं, तेव्हा सहाच्या सहा सायकली माणसांच्या खांद्यावर होत्या.

हॉलंडची ही मंडळी पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे जंगल सायकलवरून पाहायला आली होती, आणि चांद्याचे निवृत्त भूगोल मास्तर त्यांचे वाटाडे होते. गडचिरोली मागं पडून सागाचं रान लागलं. पहिल्याच गावच्या कोतवालानं गोरी कातडी पाहिली आणि हाळी दिली. धान कापणारी सहा माणसं विळे बांधावर टाकून आली, सायकली उचलल्या आणि चालू लागली. साहेब आला की त्याचं ओझं शिवेपर्यंत आपण न्यायचं, पुढं दुसऱ्या गावानं. इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली होती. ही वेठ कायद्यानं बंदही झाली होती. पण कायदा मोटारीनं येतो, आणि मोटार गडचिरोलीच्या पुढं येत नव्हती.

सर्वांत जड सायकल योहानची. दोन्ही बाजूंना कातडी पिशव्या, मागं तंबू. ती बुधूच्या खांद्यावर होती. योहान मागून रिकाम्या हातांनी चालला होता. मायदेशी तो टपाल कचेरीच्या खिडकीत बसून तिकिटं विकायचा. त्याच्या डोक्यावर आजवर कुणी छत्रीसुद्धा धरली नव्हती.

"मास्तर, आम्ही सायकलवर कधी बसायचं?" त्यानं विचारलं. हे चौथ्यांदा.

"शीव आली की. आधी बसलात तर यांचा अपमान होईल. हा इथला अतिथिसत्कार आहे."

बुधूनं मान वळवली. "साहेब काय म्हणते, मास्तरजी? सायकल खाली ठेवू का?"

"साहेब म्हणतात, जपून चाल."

मास्तर तसे खोटं बोलणारे नव्हते. पण ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, मागच्या सावली गावापासून सायकल मारत आले होते, आणि त्यांच्या मांड्यांनी सकाळीच असहकार पुकारला होता. पायी चालणं त्यांना फार बरं वाटत होतं.

पश्चिमेला आभाळ भरून आलं. बुधू दर दहा पावलांनी तिकडं पाहत होता.

"काऊन रे, मान मोडशील ना," मागून पत्रू म्हणाला. "आभाळ का तुह्या पाहण्यानं थांबते?"

"कापलेलं धान वावरात पडून आहे, समदं. माही बायको नीलाबाई एकटी आवरून राह्यली. पाणी आलं तं त्याले कोंब फुटतीन. मंग वर्षभर खाऊ काय?"

"तुह्या खांद्यावर तंबू आहे ना! झाक त्याच्यानं."

सगळे हसले. बुधूही हसला. हसता हसता त्यानं पुन्हा आभाळाकडं पाहिलं.

शीव आली. शिवेचा दगड होता, पुढच्या गावची माणसं नव्हती. तिकडंही धानच कापत असतील. म्हणजे आता त्या गावापर्यंत यांनाच जावं लागणार होतं. आणखी दोन कोस.

"शीव!" असं म्हणत योहाननं आनंदानं हँडल धरलं. बुधू दचकून मागं सरला. हँडल एकाच्या हातात, दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर, अशी ती सायकल क्षणभर दोघांच्या मध्ये राहिली.

"सोडा ना, साहेब," बुधू म्हणाला, आणि मास्तरांकडं वळला. "त्याहीले सांगा. पुढची माणसं आल्याबिगर मी कसं देऊ? माह्या बापानं एका बारीले साहेबाची बंदूक साहेबाच्याच हाती राहू देली होती. संगच्या शिपायानं पाह्यलं. दिवसभर झाडाले बांधून ठेवलं त्याले."

मास्तरांनी याचं भाषांतर केलं नाही.

"अरे, ती वेठ बंद झाली, बुधू. सरकारनंच केली. तू सायकल दे आणि खुशाल घरी जा."

बुधूनं खांद्यावरची दांडी सावरली.

"मंग सकाळपासून काऊन नाई बोलले?"

भूगोलाच्या मास्तरांनी वाकून आपल्या मांड्या चोळल्या.

"आन् कोतवालाले मालूम आहे का हे?" बुधूनं विचारलं. त्यानं हळूच योहानच्या हातातून हँडल सोडवलं आणि खांदा बदलला. आभाळ गडगडलं.

योहानला शब्द कळले नव्हते, खांदा बदलणं कळलं. "मास्तर, या माणसाला विचारा, आम्ही त्याच्यासाठी काय करू? काहीही मागू दे. माझ्याच्यानं होईल ते मी करीन. वचन देतो."

दिवसभरातलं एवढं एक वाक्य मास्तरांनी जसंच्या तसं सांगितलं. "माग बुधू. लाजू नको. साहेब मनापासून म्हणतात."

पत्रूनं बुधूला कोपर मारलं. बाकीचे चौघंही थांबले. बुधूनं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा पुढच्या वाटेकडं.

"पुढच्या साली खुशीनं या म्हणा," तो म्हणाला. "फकस्त पैदल या म्हणा."