आरशाखालचा ओघळ

लेकीनं स्वतःच्या कमाईची पहिली गाडी दारात आणली. जुनी, पण लालभडक स्पोर्ट्स कार. “बाबा, आज रंगारी म्हणून नाही, बाप म्हणून बघा हं!” गाड्या रंगवण्यात जन्म गेला, सवय थोडीच जाते? खिशातलं चुंबक दारामागच्या खांबाला लावलं. सुटून खाली पडलं. पत्रा नव्हताच तिथं, नुसती पुट्टी. “तुमचं चुंबक म्हातारं झालं,” ती हसली. आरशाखाली रंगाचा बारीक ओघळ सुकला होता. तो ओळखला, माझ्याच हातून राहिलेला. उलटून चेपलेली हीच गाडी गॅरेजमालकानं माझ्याकडे सोपवली होती: “वरून चकाचक कर, आत कोण बघतंय?” मोडलेला खांब मीच बुजवला होता. “चावी दे. ही चालवायची नाही, आतून मोडलीय.” तिचा चेहरा उतरला. खांबावरून हात फिरवत ती म्हणाली, “इतकं बेमालूम काम कुणी केलं असेल, बाबा?”