राजपुत्राच्या स्वागताला

"सख्ख्या भावाला रिक्षावाला म्हणालास?" पाल्लीने डाव भांड्यावर आपटला. "तेही परक्या माणसासमोर!"

यॉन, तिचा थोरला, खाली मान घालून जेवत होता. पाच वर्षांनी तो आज जंगलातून घरी आला होता, आणि तेही जिंकून. काळे कपडे, गळ्यात चौकडीचा पंचा, पायांत टायरच्या चपला. बाहेर अख्खं शहर त्याच्या लोकांचा जयजयकार करत होतं. लढाई संपली होती. राजधानी पडली होती, सरकारी फौजेने बंदुका खाली ठेवल्या होत्या, घराघरांवर पांढऱ्या चादरी फडकत होत्या. बायका सैनिकांवर सुगंधी पाणी शिंपडत होत्या. नववर्ष नुकतंच होऊन गेलं होतं, पण खरा सण आजच आल्यासारखा वाटत होता.

पाल्लीला तर दुप्पट आनंद. तिचा थोरला क्रांतीच्या बाजूने लढला, धाकटा विबोल सरकारच्या. इतकी वर्षं ती बुद्धापुढे एकच मागणं मागत होती: एकाची गोळी दुसऱ्याला लागू नये. आज दोघेही तिच्यासमोर एकाच टोपातलं आंबट सार ओरपत होते. आता नव्या राज्यात दोघांनाही मानाची जागा मिळावी, एवढंच राहिलं होतं.

आणि हा यॉन! त्याचा सोबती छाय याने लुंगीतल्या विबोलकडे बोट दाखवून, "हा कोण?" असं विचारलं, तर म्हणे, "धाकटा भाऊ. सायकलरिक्षा ओढतो." छाय मान हलवून ताडाचा रस प्यायला खाली उतरला होता.

"दादा, निदान रिक्षा तरी नवी द्यायचीस," विबोल हसून म्हणाला.

यॉन हसला नाही. तो बांबूच्या जमिनीच्या फटींतून खाली पाहत होता. घर खांबांवर उभं होतं, आणि खालच्या सावलीत छायची माणसं झोळ्या बांधून पहुडली होती.

"मावशीच्या गावाला बैलगाडी निघतेय," यॉन हळूच म्हणाला. "विबोल, तू तिच्यातून जा. आत्ताच. अंगावर ही लुंगीच राहू दे."

"आणि तिथे जाऊन काय करू?"

"शेतांचे बांध घालायला माणसं हवीत."

"बांध घालायला सेकंड लेफ्टनंट?" पाल्ली उसळली. "लहानपणीही तू असाच होतास. त्याच्या ताटातला माशाचा तुकडा मोठा दिसला की तुझं तोंड वाकडं."

"आई, हळू बोल."

"का? हार सगळे तुझ्याच गळ्यात पडावेत म्हणून?"

तेवढ्यात रस्त्यावरून कर्णा गरजत आला. सरकारी फौजेतल्या सर्व अधिकाऱ्यांनी शाळेच्या पटांगणात जमावं. पूर्ण गणवेशात, पदकं लावून. परदेशात गेलेले आपले राजपुत्र परत येत आहेत, त्यांच्या स्वागताला तुम्हाला राजधानीला नेण्यात येईल. देश उभा करायला क्रांतीच्या संघटनेला तुमची गरज आहे.

पाल्लीचा चेहरा उजळला. "ऐकलंस? गरज आहे म्हणतात!"

"रिक्षावाल्याचं तिथे काय काम?" यॉन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. पाल्लीला वाटलं, हा मत्सरच.

विबोल भावाकडे पाहत राहिला. "आई, दादा म्हणतोय तर..."

"तू थांब!"

छाय शिडी चढून वर आला. पाल्लीने तांदळाच्या कणगीमागे दडवलेला गणवेश काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"साहेब, माझा थोरला थट्टेखोर आहे. धाकटा खरा ऑफिसर आहे. राजघराण्यातल्या माणसापुढे मळक्या लुंगीत उभं राहण्यासारखं पाप नाही. त्यालाही न्या."

"आता साहेब कोणी नाही, आई. साथी म्हणा." छायने गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "बरं केलंत सांगितलंत." मग तो यॉनकडे वळला. "काय साथी, सख्खा भाऊ काय करतो, हे ठाऊक नव्हतं?"

खाली झोळ्यांची करकर थांबली.

"पाच वर्षांत माणूस बदलतो," यॉन म्हणाला.

"खरं आहे. सगळेच बदलतात."

पाल्लीने कोळशाच्या इस्त्रीने गणवेशाला कडक घडी घातली. विबोलने आईपुढे हात जोडून डोकं टेकवलं. आणि मग यॉनने जे केलं, ते पाहून पाल्लीचा राग पार विरघळला. तो धाकट्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या बुटांच्या नाड्या स्वतःच्या हातांनी बांधू लागला. बांधायला त्याला फार वेळ लागला.

"आली ना अक्कल!" ती डोळे पुसत म्हणाली.

पटांगणात जत्रा भरली होती. ढोल, मोगऱ्याचे हार, चकाकणारी बटणं. कालपर्यंत घरात लपून बसलेले अधिकारी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत ट्रकांत चढत होते. त्यांच्या बायका हात हलवत होत्या. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळ्या गाड्यांनी ते उचललं.

"दादा!" विबोल वरून ओरडला. "राजधानीहून तुला काय आणू?"

यॉनने नुसता हात वर केला.

गाड्या हलल्या. पाल्लीने थोरल्याच्या दंडाला धरलं आणि टाचा उंचावून पाहू लागली. एक मुलगा जिंकून आला, दुसरा मानाने चालला. तिच्या आळीत एवढं भाग्य दुसऱ्या कोणत्या आईचं होतं?

चौकातून राजधानीचा रस्ता उजवीकडे जात होता. पहिली गाडी डावीकडे वळली, डोंगराच्या कच्च्या वाटेला. मग दुसरी. मग तिसरी.

"अगंबाई! तुमच्या ड्रायव्हरांना साधा रस्ताही ठाऊक नाही!" पाल्ली खदखदून हसली. "शेवटी जंगलातलीच माणसं. अरे, कुणीतरी हाक मारा त्यांना!"

यॉनने तिचा वर गेलेला हात पकडून हळूच खाली आणला.

"आई," तो म्हणाला, "आजपासून कुणीही विचारलं, तर तुला मुलगा एकच."