डावं वळण

कॅप्टन चुकीच्या बाजूला वळतोय हे सहवैमानिकाला दिसत होतं, पण तो भिडेपोटी गप्प बसला आणि विमान डोंगरावर आदळलं. चौकशी समितीच्या साहेबांनी शिफारस केली, 'वरिष्ठ चुकले, तर कनिष्ठांनी तिथल्या तिथे तोंडावर सांगावं.'

ती परिषदेत मांडायला साहेब स्वतः गाडी चालवत, दोन्ही सहायकांना घेऊन विमानतळाकडे निघाले. तेच वाक्य घोळवण्याच्या नादात त्यांनी गाडी डावीकडे घातली. विमानतळाची पाटी उजवीकडे बाण दाखवत होती. मागच्या सीटवर सहायकांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं.

विमान गेलं. साहेब कडाडले, "वळण चुकलं, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही?"


तेव्हा कुठे दोघांची तोंडं उघडली. "नाही ना, साहेब!"