पत्ते वाटताना

नेस्टरने पत्त्यांचा गठ्ठा हातात घेतला आणि वेल्माने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. ड्वेनने टोपी डोळ्यांवर ओढली. बाकीच्यांपैकी कुणी छताकडे बघत होतं, कुणी स्वतःच्या नखांकडे. टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती आणि पत्ते वाटणाऱ्याकडे रोजच्यांपैकी एकही जण बघत नव्हता.

चार महिने हे असंच चाललं होतं.

लास वेगासच्या जुन्या भागातला तो कॅसिनो. सकाळी अकराची पोकर स्पर्धा. खेळणारे बहुतेक निवृत्त आणि रोजचेच. नेस्टर एकोणीस वर्षं त्यांना पत्ते वाटत होता. वेल्माने जन्मभर शाळेची बस चालवली होती, ड्वेन नळदुरुस्ती करायचा. कुणाच्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते नेस्टरला पाठ होतं. पूर्वी तो वाटायला लागला की यांची तोंडंही सुरू व्हायची. "नेस्टर, पत्ते वाटतोस की सूड घेतोस?" असं ड्वेन दर दोन डावांनी ओरडायचा.

फेब्रुवारीत नेस्टरची बायको पर्ला गेली. दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. दहा दिवसांनी तो कामावर परतला आणि त्या दिवसापासून यांनी तोंडं फिरवली. मधल्या सुट्टीत ड्वेन त्याला कॉफी आणून द्यायचा, वेल्मा पाठीवर हात ठेवायची. पण टेबलावर बसलं की पुन्हा तेच.

टिपांचंही तसंच. स्पर्धेत दर डावाला टिप देत नाहीत. जिंकणारा शेवटी खिडकीवर पैसे घेतो तेव्हा डीलर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या लोकांसाठी काही मागे ठेवतो. आधी वीस डॉलर ठेवणारे आता चाळीस ठेवत होते. नेस्टरला ते जास्त लागलं. भिकाऱ्याला पैसे टाकतानाही माणूस असाच दुसरीकडे बघतो.

त्याच्या शर्टावर एक छोटी काळी पिन असायची. घरातलं माणूस गेलं की त्याच्या फिलिपिन्समधल्या गावात ती वर्षभर लावतात. लोकांना तीच बघवत नसेल, असं त्याला वाटलं. गेल्या सोमवारी त्याने ती काढून पर्लाच्या फोटोपुढे ठेवली. "आठ महिने राहिलेत, माहीत आहे मला," तो तिला म्हणाला. "पण मला ही माणसं हवीत गं."

त्या सोमवारीही कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सहासष्टाव्या वर्षी दुसरीकडे कुणी काम देणार नव्हतं. घरी बोलायला कुणी नव्हतं. नावाने हाक मारणारी माणसं होती ती याच एका खोलीत.

आज त्याला राहवलं नाही. "वेल्मा, भिंतीवर काय आहे गं एवढं?"

"टीव्ही."

"बंद आहे तो."

"म्हणून तर बघवतोय. बातम्या नाहीत."

कुणी हसलं नाही. नेस्टर वाटू लागला.

सातव्या खुर्चीवर आज एक नवा तरुण होता. आयडाहोहून ट्रक घेऊन आलेला. तिसऱ्या डावाला त्याने हात वर केला.

"सर, राग मानू नका, पण तुम्ही वाटताना पत्ते दिसतायत. या बाईंना आत्ता बदामाची राणी गेली."

नेस्टरचा हात थांबला. ज्याला पत्ता दिसला त्याने लगेच सांगायचं, ही टेबलाची रीतच आहे. पोराचं काही चुकलं नव्हतं.

वेल्मा गर्रकन वळली. "दिसतायत तर मान फिरव की! आम्ही काय चार महिने हौसेनं भिंत बघतोय?"

वेल्माने तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं.

नेस्टरने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. गठ्ठा तिरका, वर उचललेला होता. पत्ता टेबलाला लागून सरकायला हवा. त्याचा वरून, तोंड दाखवत जात होता. दीड वर्ष पर्लाला उचलून बसवलं ते याच मनगटाने. आता ते खाली वाकतच नव्हतं.

केंडल, म्हणजे खोलीची मॅनेजर, दोन टेबलं पलीकडे उभी होती. ती आली. "काय झालं? कुणाची तक्रार आहे का?"

"छे गं," ड्वेन म्हणाला. "नवीन पोरगं आहे. कॉफी कुठे मिळते विचारतंय."

पोराने एकेकाचं तोंड पाहिलं. "हो," तो म्हणाला. "कॉफी."

"तिकडे, कोपऱ्यात," केंडल म्हणाली आणि वळली.

"केंडल," नेस्टर म्हणाला, "तक्रार आहे. माझी, माझ्यावरच. पत्ते दिसतात माझे."

"गाढवा, गप्प बस," वेल्मा पुटपुटली.

"आज दिसले?" केंडलने विचारलं.

"चार महिने."

पत्ते दाखवणाऱ्या डीलरला त्या खोलीत दुसरी संधी मिळत नसे, हे केंडलला माहीत होतं, नेस्टरला माहीत होतं आणि त्या टेबलावरच्या प्रत्येक म्हाताऱ्यालाही.

नेस्टरने गठ्ठा खाली ठेवला. टेबलावरून उठताना डीलर हात दाखवतो, काही लपवून नेत नाही म्हणून. त्याने दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे दाखवले, मग मागची बाजू.

मान वर केली तेव्हा नऊच्या नऊ जण त्याच्याकडे बघत होते.