निरोगी घराणं

नर्सने उजव्या दंडावरचा पट्टा सोडून डाव्या दंडावर बांधला आणि पुन्हा रबरी फुगा दाबला. वजनकाटे दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या बापाला तेवढ्यावरूनच शंका आली.

"काटा चढा आहे तुमचा," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "आणा इकडे, जुळवून देतो."

मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि बाप आपली एक द्यायला छाती काढून आला होता. बायकोच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या होत्या, तरी तिची किडनी त्याला नको होती. दुखणं पोराला आजोळहून आलं, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. रोज एकदा तिला ते ऐकवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"याआधी कधी प्रेशर मोजलं होतं?"

"कशाला? आमच्या घराण्यात कुणी अंथरूण धरलेलं नाही. वडील गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गेले. काका आंघोळ करून आले आणि गेले. थोरला भाऊ तर जिना चढताना. नखात रोग नव्हता कुणाच्या!"

"वयं काय होती?"

"असतील पन्नाशीच्या आतबाहेर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ते निरोगी नव्हते हो. त्यांचं प्रेशर कुणी मोजलं नव्हतं, एवढंच. तुमच्या मुलात दोन सदोष जनुकं निघालीत. एक आईकडून आलंय, एक तुमच्याकडून. एकटं असलं तर सहसा त्रास देत नाही, दोन जमली की किडनीवर येतं. पण एवढ्या चढलेल्या प्रेशरवर तुमची किडनी नाही घेता येणार. उलट तुम्हालाच आजपासून गोळ्या लागतील, नाहीतर तुमच्याही किडन्या जातील."

बापाचा चेहरा पडला, पण तेवढ्यापुरताच. बाहेर येताच त्याने धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, मी तयार होतो. पण इथली यंत्रंच धड नाहीत. शेवटी हिचीच घेतायत. तिकडचं दुखणं, तिकडूनच फिटू दे."

बायको शेजारीच उभी होती; आतलं सगळं तिनेही ऐकलं होतं. पोर आजारी पडल्यापासून ती हे ऐकूनच घेत आली होती. आज तिला त्याची किळस आली.

फोन ठेवून त्याने गोळ्यांची चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "टाक कुठेतरी."

तिने हात पुढे केला नाही.

"खायच्या तर खा, नाहीतर नका खाऊ," ती म्हणाली. "माझ्याकडे द्यायला एकच आहे. ती पोराची."