कुंड उपसायचं नाही

पहिल्या घावात पंपाची नळी फुटली. दुसऱ्या घावाला पंपवाल्यानं हात मध्ये घातला आणि पहार त्याच्या बोटांवर बसली. तो असा किंचाळला की छपरावरची पाखरं भुर्रकन उडाली.

"आक्का, वेड लागलंय का तुम्हाला?" डागडुजीवरचे साहेब धावत आले. "बोटं तुटली असती त्याची!"

"तुटली असती तर तुटली असती. दुसऱ्या हाताला पाच आणखी होती की! सांगितलं होतं ना, कुंड उपसायचं नाही म्हणून?"

राष्ट्रीय उद्यानातलं ते गरम पाण्याचं जुनं स्नानगृह आक्का चाळीस वर्षं सांभाळत होती. तिकिटं फाडणं, टॉवेल देणं, पायऱ्या घासणं, पाण्यात खिदळणाऱ्यांना झापणं, सगळं तिच्याकडे. पुढच्या दोन उथळ कुंडांची दुरुस्ती झाली होती, कौलं बदलून झाली होती. राहिलं होतं मागचं पुरुषभर खोल कुंड.

"उपसलं की झरा रुसतो. तुमच्याच पाटीवर लिहिलंय, वाचा जाऊन."

खरंच लिहिलं होतं. पाहुण्यांना फिरवणारी पोरं डोळे मोठे करून ते सांगायची आणि पाहुणे वहीत टिपून घ्यायचे. ही गोष्ट आक्कानं स्वतःच रचली होती, एवढं मात्र पाटीवर नव्हतं.

कारण त्या कुंडाच्या तळाशी तिचा नवरा होता.

इथलेच नळ तो बघायचा. राग आला की हाताला लागेल ते हाणायचा. आक्काचं मनगट त्यानं ओल्या टॉवेलासारखं पिळून मोडलं होतं. वन्संना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, चहा गार दिला म्हणून असं बडवलं होतं की त्यांचा डावा कान कायमचा गेला. तरी वन्संचं आपलं ‘दादा जेवला का, दादा आला का’ चालूच. आक्काला नवऱ्याहून जास्त चीड त्या दादापणाची यायची.

पस्तीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी, साफसफाईसाठी स्नानगृह बंद असताना, भर दुपारी त्यानं आक्काचे केस धरले आणि तिचं तोंड कुंडात दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिच्या हाताला पहार लागली. घाव कानशिलावर बसला, रक्ताची चिळकांडी उडाली आणि तो पाण्यात कोसळला. कमरेला पान्यांचा जड पट्टा होता. दुधासारखं गढूळ पाणी त्याच्यावर मिटलं. आक्का तोंड धुऊन तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली ती दिवस मावळेपर्यंत.

नवरा बाईच्या नादानं पळाला, असं तिनं सगळीकडे सांगितलं. लोकांना लगेच पटलं. होताच तो तसला.

आता साहेबांनी दुसरी नळी मागवली. दोन वनरक्षकांनी आक्काचे दंड धरले. तिनं एकाच्या हाताचा कडकडून चावा घेतला, दुसऱ्याच्या नडगीवर लाथ घातली.

"वन्सं! बघत काय बसलात? नळी ओढा ती!"

वन्सं दारात बसून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. "जाऊ द्या पाणी, वहिनी. जायचंच ते."

"तुमचं काय जातंय! जन्मभर घड्याच घातल्यात तुम्ही!"

पंप सुरू झाला. पाणी छातीइतकं उरलं, मग गुडघ्याइतकं, मग घोट्याइतकं. आक्कानं मनाशी ठरवलं, साहेबांच्या तोंडून ‘हाड’ निघालं की या दोघांना झटकायचं, पहार उचलायची आणि ज्याच्या टाळक्यात बसेल त्याच्या बसेल. एकाचं पाप पचवलं तसं दोघांचं पचवू.

साहेब खाली उतरले. त्यांनी कोपरान् कोपरा खरवडला, चिखल चाळून घेतला.

"नाणी, एक चष्मा आणि कुणाची तरी कवळी," ते हसत वर आले. "बाकी काही नाही. आणि तो बघा, झरा वाहतोय. रुसलाबिसला नाही."

वनरक्षकांनी हात सोडले. आक्कानं रिकाम्या तळाशी डोकावून पाहिलं. तळाशी नाही, म्हणजे तो बुडाला नाही. बुडाला नाही, म्हणजे पस्तीस वर्षं कुठंतरी जगतोय. कधीही, कुठल्याही दिवशी, या फाटकातून आत येईल.

तिनं पहार उचलली आणि वन्संना ओढत टॉवेलांच्या खोलीत घेऊन गेली.

"दार लावा. तुमचा दादा जिवंत आहे! मी त्याला या कुंडात..."

"माहितीये."

"माहितीये? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?" वन्संनी हातातली घडी पुरी केली. "जिवंत नाही तो. मागच्या रानात आहे. तिथे कुणी खणणार नाही, सरकारचीच बंदी आहे."

आक्काच्या हातातली पहार खाली टेकली. "एवढं धूड तुम्ही एकटीनं ओढत नेलंत?"

"ओढत कशाला? पायरी धरून वर आला होता. माझ्या खांद्यावर हात टाकून चालत निघाला. रानातून दवाखाना जवळ पडतो ना. वाटेत म्हणाला, ‘आज तिला जिवंत सोडत नाही.’ मग मीच त्याला सोडला नाही."